उसना घेतलेला संशय

‘आटपाट नगर होतें’ असें म्हणून आजीनें गोष्टीस आरंभ केला, कीं तें नगर कोठें आहे, त्याची वस्ती किती, हें विचारण्याचें कोणाहि नातवंडाच्या मनांत येत नाहीं. त्या शब्दांमागून एक राजा येणार, त्यास एक आवडती व एक नावडती अशा दोन राण्या असणार, आणि शेवटीं नावडतीचे दिवस पालटणार, हें सारें ऐकणाऱ्या मुलास आधींच ठाऊक असतें. ठाऊक असूनहि तें सरसावून बसतें. किंबहुना ठाऊक असतें म्हणूनच सरसावून बसतें. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्यें हा जो न लिहिलेला करार असतो, त्यास संकेत असें म्हणतात. नाटकाची नांदी, कीर्तनाचा पूर्वरंग, पोवाड्याच्या प्रारंभींचें नमन हे सर्व त्याचेच प्रकार होत. अशाच एका कराराची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. ती आमच्या शाळेंतील मुलांनीं तयार केलेल्या दोन मिनिटांच्या चित्रपटाची आहे, आणि तींत आमची स्वतःची एक चूकहि आहे.

आम्ही व्याकरणाचे शिक्षक. चित्रपटकलेंत आमचा अधिकार तो कितीसा? मिशनच्या वसतिगृहांत राहून आम्ही पदवीपर्यंत शिकलों, आणि तेथें चित्रपटगृहाची पायरी चढण्याची परवानगी वर्षांतून एखाद्या वेळींच मिळे. त्यापूर्वीं, अगदीं लहानपणीं, शेजारच्या घरीं दूरदर्शनच्या एका लहानशा संचापुढें आळींतील पंचवीस-तीस माणसें दाटीनें बसत, त्यांत आम्हीहि असूं. तेथें पाहिलेला ‘वो कौन थी?’ हा राज खोसला यांचा १९६४ सालचा चित्रपट आमच्या मनांत कायमचा घर करून राहिला आहे. पावसाची रात्र, एकटाच मोटार चालविणारा डॉक्टर, आणि रस्त्यांत उभी असलेली पांढऱ्या साडींतील स्त्री. कांचेवरचा वायपर बंद पडतो, त्यास रस्ता दिसेनासा होतो, आणि तिला मात्र तो दिसत असतो! पुढें ती उतरते ती कबरस्तानापाशीं, आणि फाटक आपोआप उघडतें. त्या रात्रीं आम्ही आजीच्या कुशींत झोंपलों. वास्तविक आमच्या घरामागेंच आमच्या मंडळीचें कबरस्तान होतें. आमचे आजोबा तेथें निजले होते, आणि आम्ही दिवसा तेथील झाडाखालीं चिंचा वेंचीत असूं. पडद्यावरील त्या एका फाटकानें ती ओळखीची जागा आम्हांस कित्येक महिने परकी केली. संकेताचें सामर्थ्य केवढें असतें, व त्याची किंमत कोणास द्यावी लागते, हें तेव्हांच आमच्या ध्यानांत यावयास हवें होतें. तें आलें नाहीं.

दिवाळीच्या सुटीनंतर नववींतील कांहीं मुलेंमुली आमच्याकडे आलीं आणि म्हणालीं, ‘‘सर, संमेलनांत आम्हांला नाटिकेऐवजीं चित्रपट दाखवायचा आहे. पण सगळा नाहीं, फक्त सुरुवात.’’ ही कल्पना त्यांपैकीं एकास इंग्लंडांत शिकलेल्या त्याच्या मावसबहिणीनें दिली होती. तेथील एका परीक्षामंडळाच्या ‘माध्यम-अभ्यास’ या विषयांत, २००८ नंतरच्या कांहीं वर्षांत, सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांस असेंच काम असे. एका नव्या चित्रपटाची नामावलि व प्रारंभ, जास्तींत जास्त दोन मिनिटांचा, त्यांनीं स्वतः तयार करावयाचा. पुष्कळ विद्यार्थी त्यासाठीं थरारपटच निवडीत. काम संपल्यावर त्यांस आणखी एका प्रश्नाचें उत्तर द्यावें लागे: आपल्या कृतींत रूढ संकेत कोठें वापरले, कोठें पुढें नेले, आणि कोठें झुगारले? हा तिपदरी प्रश्न आम्हांस फार आवडला. भाषा शिकणाऱ्यासहि हींच तीन कामें करावीं लागतात. आम्हीं मोठ्या आनंदानें होकार दिला.

मुलांच्या चित्रपटाचें नांव ‘कोण आहे?’ असें होतें. शाळा सुटलेली आहे. एक मुलगी विसरलेली वही नेण्यास संध्याकाळीं परत येते. जुन्या दगडी इमारतीचा लांब व्हरांडा ओस पडला आहे, टोंकाची ट्यूबलाइट लुकलुकत आहे. तिच्या पावलांमागें दुसरीं पावलें वाजूं लागतात. ती थांबली कीं तींहि थांबतात. भिंतीवर एक सांवली वाढत जाते. मग किल्ल्यांचा जुडगा धरलेला एक हात दिसतो, आणि त्यामागून घोंगडी पांघरलेली, किंचित् लंगडत चालणारी एक आकृति. तिचें तोंड दिसत नाहीं. मुलगी इमारतीच्या मागच्या बाजूस धांवत सुटते, आकृति तिच्यामागें. हात तिच्या खांद्यापर्यंत पोंचतो न पोंचतो तोंच पडदा काळा होतो, आणि त्या काळोखांत अक्षरें उमटतात: ‘कोण आहे?’

मोबाइल फोनवर घेतलेल्या या दोन मिनिटांत मुलांनीं किती ठिकाणचें साहित्य गोळा केलें होतें, तें पाहून आम्ही थक्क झालों. दिवा जमिनीवर ठेवला आणि मनुष्य दिव्याजवळ सरकला, कीं भिंतीवरील सांवली मोठी होते, हा त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकांतील पाठ त्यांनीं येथें उपयोगांत आणला. परंतु सांवलीनें भिवविण्याची युक्ति शंभर वर्षांहून जुनी आहे. ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी’ या १९२० सालच्या जर्मन मूकपटांत तर कित्येक सांवल्या भिंतींवर रंगानेंच काढलेल्या होत्या. फ्रिट्झ लांग यांच्या १९३१ सालच्या ‘एम’ या बोलपटांत गुन्हेगाराचें पहिलें दर्शन घडतें तें त्यालाच पकडण्यासाठीं लावलेल्या जाहिरातीवर पडलेल्या सांवलीच्या रूपानें. आणि पुढें एक आंधळा फुगेवाला त्यास ओळखतो तो केवळ त्याच्या शिळेवरून. ज्याची भीति घालावयाची तें दाखवावयाचें नाहीं, हा दुसरा संकेत. १९७५ सालच्या ‘जॉज’ या चित्रपटाच्या आरंभीं रात्रीं समुद्रांत पोहणारी तरुणी पाण्याखालीं ओढली जाते, परंतु ओढणारा मासा मुळींच दिसत नाहीं. संगीताचेंहि तसेंच. १९६० सालच्या ‘सायको’साठीं बर्नार्ड हरमन यांनीं केवळ तंतुवाद्यांचा उपयोग करून सर्वांगावर कांटा आणला, आमच्या मुलांजवळ तंतुवाद्यें कोठलीं? त्यांनीं प्रार्थनेच्या पेटीच्या शेजारशेजारच्या दोन खालच्या पट्ट्या एकदम दाबून धरल्या, आणि तो स्वर एक मिनिटभर सोडला नाहीं.

गमतीची गोष्ट ही, कीं मुलांनीं यांपैकीं एकहि जुना चित्रपट पाहिलेला नव्हता. त्यांनीं जें घेतलें तें अलीकडच्या चित्रपटांतून घेतलें. त्यांनीं तें त्यांच्या पूर्वींच्यांपासून घेतलें होतें. एखादी म्हण प्रथम कोणीं उच्चारली हें न कळतांच ती आपल्या तोंडीं बसते, तशांतलाच हा प्रकार. यास आम्ही चोरी म्हणत नाहीं. दोन मिनिटांत सर्व कांहीं समजावून सांगण्यास अवकाश नसतो. संकेत हा तेथें लघुलिपीचें काम करतो. दिवा लुकलुकला, कीं ‘येथें कांहीं तरी अशुभ आहे’ हें वाक्य लिहावें लागत नाहीं.

आतां त्या आकृतीविषयीं. ती व्हावयास मुलांनीं आमच्या शाळेच्या रात्रीच्या पहारेकऱ्यांस विनंति केली. मुलें त्यांस तात्या म्हणतात. त्यांचें वय साठीच्या पुढें असून एका जुन्या अपघातामुळें ते एका पायानें अधू आहेत. ‘‘सर, तात्यांची चाल अगदीं पाहिजे तशी आहे!’’ असें दिग्दर्शक झालेला मुलगा उत्साहानें म्हणाला, आणि आम्ही हंसलों. इतकेंच नव्हे, तर ‘‘त्यांस त्यांची थंडीची घोंगडी पांघरावयास सांग, म्हणजे अधिक भयाण दिसेल,’’ ही सूचना आमची होती. वाचकांस आरंभीं आम्हीं ज्या चुकीविषयीं सांगितलें ती हीच.

संमेलनाच्या रात्रीं चित्रपट दाखविण्यांत आला. घोंगडीची आकृति पडद्यावर येतांच पटांगणभर किंकाळी उठली, आणि शेवटीं टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्या फाटकापाशीं स्टुलावर बसून पाहत होते. त्यांनींहि टाळ्या वाजविल्या. आमच्या मनास मोठी धन्यता वाटली.

तात्यांची नात आमच्याच शाळेंत पांचवींत आहे. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत मुलांनीं तिच्याभोंवतीं लंगडत फेर धरला. ‘‘हिचे आजोबा अंधारांत मुलांना धरतात,’’ असें कोणी तरी म्हणालें, आणि मग तें रोज होऊं लागलें. मुलांच्या दृष्टीनें तो खेळ होता. मुलीनें घरीं कांहीं सांगितलें नाहीं. परंतु संध्याकाळीं शाळेंतून जातांना ती आजोबांचा हात धरीनाशी झाली, आणि त्यांच्यापुढें वीस पावलें चालूं लागली. एके संध्याकाळीं आम्हीं तें दृश्य वर्गाच्या खिडकींतून पाहिलें. पुढें दप्तर घेतलेली मुलगी, मागें लंगडत येणारा वृद्ध. ती थांबली कीं तेहि थांबत. चित्रपटांतील व्हरांडा जणूं रस्त्यावर येऊन पडला होता.

त्यानंतर दोन दिवसांनीं तात्या आमच्याकडे आले. रागावलेले नव्हते. टोपी हातांत घेऊन म्हणाले, ‘‘सर, पोरांनीं उभा राहा म्हटलं, मी उभा राहिलो. चाल म्हटलं, चाललो. पण त्या चित्रांत मी कोण होतो, तें मला शेवटपर्यंत कळलं नाही. लोकांना मात्र कळलं.’’

या बोलण्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, आणि विचार करतां करतां थरारपटाच्या प्रारंभाचें एक मर्म आमच्या ध्यानांत आलें. असा प्रारंभ ही एक उसनवारी असते. प्रेक्षकांच्या मनांत भीति उत्पन्न करण्यासाठीं तो कोणावर तरी संशय टाकतो, आणि ‘धीर धरा, याचा हिशेब पुढें करूं’ असें मुकाट्यानें वचन देतो. पुढील दोन तास त्या फेडीसाठींच असतात. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९२७ सालच्या ‘द लॉजर’ या मूकपटांत लंडनच्या धुक्यांतून, तोंडास गळपट्टा गुंडाळलेला एक तरुण घराच्या दारांत येऊन उभा राहतो. शहरांत खून होत आहेत. पाहणारा म्हणतो, हाच तो! जमावहि तसेंच म्हणतो, आणि त्याच्या जिवावर उठतो. शेवटीं तो निर्दोष ठरतो, आणि लाज वाटते ती आपणांस. तेथें संशय उसना घेतला, पण व्याजासह परत केला. आमच्या मुलांच्या चित्रपटास मात्र प्रारंभच होता, शेवट नव्हता. उसनें घेतलें, आणि फेडीची तिथि ठेवलीच नाहीं.

शिवाय घेतलें तें कोणापासून? सांवली, दार, शीळ, लुकलुकणारा दिवा यांस कांहीं लौकिक नसतो; त्यांच्यावर किती का संशय टाका. परंतु अधू पाय, फाटकी घोंगडी, भाजल्याचा व्रण, काळा वर्ण हीं माणसांचीं असतात. आणि तीं माणसें खेळ संपल्यावर घरीं जातात, बाजारांत जातात, नातीचा हात धरून रस्त्यानें चालतात. जुन्या संकेतांनीं दुष्टपणाचीं चिन्हें म्हणून हींच पुष्कळदां निवडलीं, कारण तीं चट्कन ओळखूं येतात. पण चट्कन ओळखूं येणें म्हणजे खरें असणें नव्हे.

सकाळीं आम्हीं मुलांस बोलावून तात्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, व घोंगडीची सूचना आमची होती हेंहि कबूल केलें. दिग्दर्शक झालेला मुलगा बराच वेळ खालीं पाहत होता. मग तो म्हणाला, ‘‘सर, चित्रपट पुसून टाकूं का?’’ त्यावर पटकथा लिहिणारी मुलगी म्हणाली, ‘‘पुसला तर सगळ्यांच्या मनांत पहिलाच राहील. आपण तो बदलूं.’’

कसा बदलावा यावर आठ दिवस चर्चा चालली. त्यांत आम्हीं त्यांस हिचकॉक यांनीं १९६२ सालीं त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकास मुलाखतींत समजावून दिलेली एक गोष्ट सांगितली. माणसें टेबलाभोंवतीं गप्पा मारीत आहेत आणि एकाएकीं बॉम्ब फुटतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतात. पण टेबलाखालीं बॉम्ब ठेवलेला त्यांस अगोदर दाखविला, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा ऐकतांना पंधरा मिनिटें त्यांचा जीव टांगणीस लागतो. ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ सालच्या ‘टच ऑफ ईव्हिल’चा प्रारंभ याच तत्त्वावर उभा आहे: मोटारींत बॉम्ब ठेवलेला आपण पाहतों, आणि तीन मिनिटांहून अधिक वेळ, मध्यें न तोडलेल्या एकाच दृश्यांत, ती मोटार माणसांच्या गर्दींतून जात राहते. १९२० च्या सुमारास रशियांत लेव्ह कुलेशोव्ह यांनीं केलेल्या प्रयोगाचीहि माहिती दिली. एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा रसाच्या वाटीनंतर दाखविला तेव्हां भुकेला वाटला, आणि शवपेटीनंतर दाखविला तेव्हां शोकाकुल वाटला. आम्ही व्याकरणांत म्हणतों, शब्दाचा अर्थ वाक्यांतील जागेवरून ठरतो, तेंच हें.

मुलांनीं काय केलें पाहा. जुनीं दृश्यें त्यांनीं जवळजवळ तशींच ठेवलीं. तींच पावलें, तीच वाढणारी सांवली, तोच किल्ल्यांचा हात, तीच घोंगडी. आरंभीं मात्र दोन नवीं दृश्यें घातलीं. पहिल्यांत शाळेमागील पाण्याच्या टांकीचें झांकण उघडें पडलेलें दिसतें. (टांकी त्या दिवशीं रिकामी होती, आणि दोन शिक्षक शेजारीं उभे होते, हें पालकांच्या समाधानासाठीं येथें नमूद करतों.) दुसऱ्यांत विजेरीच्या उजेडांत तात्यांचा चेहरा प्रथमच पूर्ण दिसतो, ते टांकीकडे पाहतात, व्हरांड्यांतील पावलें ऐकतात, आणि ओरडतात, ‘‘कोण आहे?’’ ही तात्यांची रोजची हांक. इतकी भर घालण्यासाठीं ट्यूबलाइटचें लुकलुकणें कांटून टाकावें लागलें. त्याबद्दल कोणास वाईट वाटलें नाहीं. आतां मुलगी ज्यास भिऊन धांवते तो तिला वांचवावयास येत आहे, आणि ती धांवते ती नेमकी उघड्या टांकीच्या दिशेनें. हात खांद्यापर्यंत पोंचतो न पोंचतो तोंच पडदा काळा होतो, पूर्वींप्रमाणेंच. नांवहि तेंच उमटतें. परंतु पहिल्या वेळीं जी भ्यालेल्या मुलीची शंका होती, ती आतां राखणदाराची हांक झाली.

पालकसभेच्या दिवशीं हा दुसरा चित्रपट दाखविला. या वेळीं किंकाळी उठली नाहीं. सभागृहांत इतकी शांतता पसरली कीं पेटीच्या भात्याचा श्वास ऐकूं येत होता. शेवटीं लहान मुलें पडद्यावरील मुलीस ओरडून सांगूं लागलीं, ‘‘थांब, थांब! तात्या आहेत!’’ पहिल्या चित्रपटांतील भय क्षणाचें होतें; हें पुरें दीड मिनिट टिकलें, आणि तेंहि कोणास बट्टा न लावतां. इंग्लंडांतील त्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मुलांस आतां देतां आलें असतें. सांवली आणि पावलें वापरलीं, भीति पुढें नेली, आणि घोंगडी पांघरणारा तो दुष्ट, हा संकेत झुगारला.

सभेनंतर तात्यांस आम्हीं त्यांचें मत विचारलें. ‘‘आतां बरं झालं,’’ ते म्हणाले, ‘‘पण एवढं जवळून दाखवायचं होतं, तर आधीं सांगायचं. दाढी केली असती.’’ त्यांची नात शेजारीं उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. मात्र जातांना विजेरी तिनें आपल्या हातांत घेतली, आणि आजोबांच्या बरोबरीनें चालूं लागली.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही आणखी पुष्कळ गोष्टी सांगाल, कोणी लेखणीनें, कोणी कॅमेऱ्यानें. पूर्वसूरींपासून हवें तेवढें उसनें घ्या. त्यावांचून कोणासच गोष्ट सांगतां आलेली नाहीं. परंतु भीतीसाठीं एखाद्या माणसास उभें कराल, तेव्हां खेळ संपल्यावर तो कोणत्या रस्त्यानें घरीं जाणार आहे, याचा विचार करा. आणि पालकहो, मुलांस अशा चित्रपटांपासून केवळ दूर ठेवण्यापेक्षां कधीं त्यांच्याशेजारीं बसून पाहा, आणि विचारा: याची भीति आपणांस कां वाटली? त्यानें काय केलें म्हणून, कीं तो कसा दिसतो म्हणून?

परवां उत्तरपत्रिका तपासतां तपासतां आम्हांस शाळेंत रात्र झाली. व्हरांड्यांतून येतांना दिवे गेलेले होते. अंधारांतून लंगडतीं पावलें जवळ आलीं, आणि हांक ऐकूं आली, ‘‘कोण आहे?’’ आम्हीं आमचें नांव सांगितलें, आणि तात्यांनीं फाटक उघडलें.